एकाच डोळ्यातलं पाणी

पाटी वाचली आणि आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्या फोनवरची पहिली चित्रं. कल्पना आणि रेखाटन:" आणि पुढे तिच्या जुन्या साहेबांचं नाव. ज्या माणसाला पट्टीशिवाय सरळ रेघ मारता यायची नाही, त्याचं म्हणे रेखाटन!

पंचवीस वर्षांपूर्वी याच कंपनीत आत्या चित्रं काढायच्या टेबलावर होती. तेव्हा फोनचा पडदा एवढासा. एका चित्राला बारा चौकटी आडव्या, बारा उभ्या. कुठली काळी करायची, कुठली कोरी सोडायची, एवढाच खेळ. त्यात हसू बसवायचं, रडू बसवायचं, मांजर आणि छत्रीही. चौकटीच्या वहीत तिने पेन्सिलीने एकशे चाळीस चित्रं भरली आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढवून घेतला. वह्या साहेबांनी जपून ठेवतो म्हणून नेल्या, त्या नेल्याच.

आता कंपनीच्या तळमजल्यावर त्याच वह्यांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि भाची तिला हौसेनं घेऊन आली होती. साहेब जातीने पाहुण्यांना माहिती देत होते.

"या रडक्या चेहऱ्याच्या एकाच डोळ्यात पाणी का?" एका बाईंनी विचारलं.

"संयम," साहेब म्हणाले. "अर्धं दुःख बघणाऱ्यावर सोडायचं. महिनाभर विचार केला होता मी."

आत्याला राहवेना. "कसला संयम? दुसऱ्या डोळ्यालाही पाणी दिलं की ते गालाला चिकटायचं, आणि दाढी आल्यासारखं दिसायचं. चारदा खोडलंय मी. कागद फाटलाय तिथे, बघा."

काचेखालच्या वहीला त्या जागी खरंच भोक होतं. बाई वाकून बघू लागल्या.

साहेबांनी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या ताई आमच्याच. फार मदत व्हायची यांची."

"मदत नाही," आत्याने तो हात बाजूला केला. "मी काढत होते. तुम्ही झालं का विचारायला यायचात."

घरी येऊन तिने प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या अधिकारी बाईंना फोनवरच लांबलचक पत्र लिहिलं. पाटीवर माझं नाव घाला, एवढंच मागणं.

"जरा नरमाईनं लिही ना," भाची म्हणाली.

"जन्मभर नरमाईनंच वागले, म्हणून तर ही पाटी."

पाचव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. नुसता वर केलेला अंगठा. शब्द एकही नाही.

"बघ, मान्य केलं त्यांनी," भाचीला हायसं वाटलं.

आत्याचं डोकं सणकलं. असाच अंगठा तिनेही आठवडाभर खपून काढला होता. लांबच्या मित्राला खुशाली कळावी म्हणून काढला होता, म्हाताऱ्या बाईला वाटेला लावायला नव्हे. तिने चष्मा चढवला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "अंगठा मलाही काढता येतो. नाव घालणार की नाही, ते शब्दांत लिहा. नाहीतर उद्या दहाला मी पेन घेऊन पाटीपाशी येते."

"शेवटी एक हसरा चेहरा तरी टाक," भाची काकुळतीला आली. "बरं दिसतं."

"एकशे चाळीस दिलेत त्यांना," आत्या म्हणाली, आणि तिने ते तसंच पाठवून दिलं.