दसऱ्याचं शिसं

गुलाबरावांची लेक शुभांगी अकरा वर्षांपासून एक गोष्ट शोधत होती, आणि ती गोष्ट काही केल्या सापडत नव्हती. गुलाबराव भाजी घेऊन कारंज्याच्या बाजारात गेले की कोणी ना कोणी विचारायचंच, "काय, पोरीले सापडलं का काई?" गुलाबराव वांग्यांचं पोतं उतरवत म्हणायचे, "नाई अजून." विचारणारा मान हलवायचा. हरवलेली म्हैससुद्धा इतक्या वर्षांत एक तर सापडते, नाहीतर माणूस तिचा नाद सोडतो.

शुभांगीचं काम दूर दक्षिणेत, एका बंद पडलेल्या खाणीत, हजार मीटर खाली. ते काय आहे हे तिनं वडिलांना एकदा मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगितलं होतं. काही अणू असे असतात की त्यांतून एकदम दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि सोबत दोन अँटिन्यूट्रिनो. कणांच्या एका हिशेबात (विजेच्या भाराच्या नव्हे) इलेक्ट्रॉनाचा अंक अधिक एक, अँटिन्यूट्रिनोचा उणे एक. आधी शून्य, नंतरही शून्य. ही बेरीज मोडलेली आजवर खात्रीनं कोणाला दिसलेली नाही. पण न्यूट्रिनो हा जर स्वतःच स्वतःचा प्रतिकण असेल, तर फार क्वचित, अगदी विसरून जावं इतक्या क्वचित, नुसते दोन इलेक्ट्रॉनच निघतील, सोबत कोणीच नाही. तेवढं एकदा दिसलं की बेरीज मोडली.

"मोडली तं काय होईन?" गुलाबरावांनी विचारलं होतं.

"सुरुवातीले पदार्थ आन प्रतिपदार्थ सारखेच होते, बाबा. दोघायनं एकमेकाले संपवून टाकाले पायजे होतं. तरी आपन उरलो. काहून उरलो, हे कळाची सुरुवात होईन."

आपण काहून उरलो, हा विचार गुलाबरावांनी कधी केला नव्हता. पण पोरीला पडला आहे म्हणजे प्रश्न वजनदार असणार, हे ते धरून चालले. त्या दिवशी त्यांनी जुड्या जरा घट्टच बांधल्या.

अडचण अशी होती की जगात सगळंच थोडं थोडं किरणं सोडतं. माती, भिंत, केळं, माणूस, सगळं. शुभांगीच्या यंत्राला तो कलकलाट सहन होत नाही, म्हणून त्याच्याभोवती शिशाची भिंत. आणि नवं शिसं स्वतःच थोडी कुरकुर करतं. खाणीतून काढून दोनशे-अडीचशे वर्षं झाली की मग ते गप्प होतं. असं म्हातारं शिसं मिळालं नाही तर प्रयोग बंद करू, असं वरच्यांनी शुभांगीला कळवलं होतं.

ते मिळालं कारंज्यातच. धान्याचे व्यापारी पदमचंद यांनी दुकान नवं करायला काढलं, तेव्हा तीनशे वर्षं जुन्या दगडी दरवाजाच्या सांध्यांतून शिशाची ढेकळं निघाली. लोखंडी पाचर घालून वरून शिसं ओतायची जुनी रीत. पदमचंदांनी पोतंभर ढेकळं तशीच देऊन टाकली. म्हणाले, "पोरीले सांगा, भगवंताच्या दयेनं तिचं काम होवो."

शुभांगीची गाडी यायला सहा दिवस होते. फोनवर तिनं दहा सूचना दिल्या. उघड्या हातानं धरायचं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं. जवळ उदबत्ती नको, विडी नको, कोंबडी नको. गुलाबरावांनी सगळ्या पाळल्या. पण त्या सहा दिवसांत दसरा आला.

दसऱ्याला गुलाबरावांच्या घरी कुदळ, विळा, फवारणीचा पंप, विहिरीची मोटर, सगळ्यांची ओळीनं पूजा होते. वर्षभर जे राबतं त्याला त्या दिवशी कुंकू लागतं. आता पोरीचं काम ज्याच्या जिवावर चालणार, ते तेवढं कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये बसवून ठेवायचं, हे गुलाबरावांच्या मनाला पटेना. सूचनांमध्ये पूजेचा उल्लेख नव्हता. त्यांनी हातमोजे घातले आणि हातमोज्यानं कुंकू लावलं.

एवढ्यावर थांबले असते तर बिघडलं नसतं, कारण तिकडे ढेकळं आम्लानं धुतली जाणारच होती. पण एका लांबट ढेकळात पाचरीचं भोक होतं. गुलाबरावांनी वावरातली चिमूटभर काळी माती आणली, भोकात घातली आणि बायकोची, गोजराबाईंची, कपडे धुवायची मोगरी घेऊन चार ठोके मारले. शिसं मऊ. भोक असं मिटलं की जणू नव्हतंच. गोजराबाईंनी मोगरीला लागलेला काळा डाग पाहिला आणि म्हणाल्या, "काय फोडलं?" ते म्हणाले, "काई नाई."

पुढे दहा महिने गेले. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी शुभांगीचा फोन आला. तिचा आवाज कापत होता.

"बाबा, दिसून राह्यलं. आलेखावर पायजे त्याच जागी, एक रेघ वर आली हाय."

गुलाबरावांना रेघ कळली नाही, आवाज कळला. ते बांधावरच बसले. तासाभरात ही बातमी बाजारात पोचली आणि पदमचंदांनी शाल आणि नारळ आणायला माणूस पाठवला. अकरा वर्षं "नाई अजून" म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी दोनदा चहा पाजला गेला, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडलं.

दुपारी बाराला तिचा पुन्हा फोन.

"बाबा, चार वाजता बैठक हाय. मी सांगितलं की जाहीर होईन. पन मले एक डाचून राह्यलं. त्या रेघेच्या अगदी शेजारी मातीतल्या एका किरणाची रेघ असते. इकडचं सगळं तपासलं. तुमच्याकडं शिशाले कोनाचा हात तं नाई ना लागला?"

"हात?" गुलाबराव म्हणाले. "नाई. कोनाचाच नाई."

हे खरंच होतं. हातमोजे होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी ताटातली भाकरी तशीच सरकवून ठेवली. सांगावं तर पोरीची अकरा वर्षं पुन्हा मातीत. न सांगावं तर चार वाजता ती जगासमोर उभी राहून जे बोलेल, ते आपण मोगरीनं ठोकलेलं असेल. गोजराबाईंनी दोनदा विचारलं, "काय झालं?" तिसऱ्यांदा त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"आता काय करनार?"

"तिचं नाव होऊन राह्यलं वं."

"नाव तिचं आन माती तुमची," गोजराबाई म्हणाल्या. "लावा फोन."

पावणेचारला तिसऱ्या खेपेला तिनं उचलला. गुलाबरावांनी एका दमात सांगून टाकलं, पूजा, भोक, मोगरी, सगळं. 

"कोनतं ढेकूळ?" तिनं विचारलं.

"लांबट. चपलीएवढं."

"माती किती?"

"चिमूटभर." मग त्यांना वाटलं, आता तरी नेमकं सांगावं. "मोठी चिमूट."

फोन बंद झाला. पदमचंदांकडे जाऊन गुलाबरावांनी शाल परत ठेवायला सांगितली. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "माह्या हातानं झालं." पुढचे बावीस दिवस शुभांगीचा फोन नाही. गुलाबराव बाजारात जात, भाजी विकत, घरी येत आणि कोणाशी बोलत नसत. आपण पोरीचं आयुष्य मोगरीनं ठेचलं, असं त्यांना वाटत होतं.

तेविसाव्या दिवशी ती स्वतःच आली. बॅग ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली. ते ढेकूळ काढल्यावर रेघ गेली, म्हणाली. बैठकीत तिनं उभं राहून सगळं सांगितलं. दोघं हसले, एक जण चिडून बाहेर गेला. प्रयोग चालू राहणार, कारण एवढीशी माती ज्याला दिसते ते यंत्र बंद करायला कोणाचं मन होईना.

"कायले घातली माती, बाबा?" तिनं विचारलं. रागानं नाही.

गुलाबराव जमिनीकडे बघत होते. "अकरा वर्सं तू त्या खड्ड्यात एकटी बसून राह्यली. घरचं काईतरी तुह्याजवळ असावं वाटलं."

 शुभांगीनं डोळे पुसले आणि पुसताना लपवले नाहीत. मग खिशातून एक छोटी काचेची बाटली काढली. तळाशी काळी माती होती, बाटलीवर तारीख आणि क्रमांक.

"आमच्या यंत्रानं अकरा वर्सांत एकच गोष्ट खात्रीनं पाह्यली, बाबा," ती म्हणाली. "तुमचं वावर."

गुलाबरावांनी हात पुढे केला, मग थबकले, आणि आधी धोतराला दोन्ही हात नीट पुसून घेतले.