पेट्रोलवाल्या म्हाताऱ्याचा हिवाळा

मी बोलतोय, पण जरा दम धरा. थंडी कडाक्याची आहे, आणि चोक ओढून घसा साफ केल्याशिवाय माझा आवाज फुटत नाही. हं, झालं. मी आर्वो कांगासच्या बागेतला ट्रॅक्टर. लाल रंगाचा, पेट्रोलवर चालणारा आणि आता बऱ्यापैकी म्हातारा.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते इथे, मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी. उन्हाळ्यात मी गवत कापायचो. पण गवत काय, कोणीही कापेल! माझी खरी परीक्षा हिवाळ्यात. सरोवरावरून ढग आले की बर्फ थांबायचं नावच घेत नाही. मग माझ्या पुढे बर्फ गिळून बाजूला भिरकावणारं यंत्र जोडायचं आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची लांबलचक वाट मोकळी करायची. काम संपलं की आर्वो माझ्या बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करायचा. इकडची माणसं तोंडाने आभार मानत नाहीत. मला तेवढं पुरायचं.

मग आर्वोच्या बायकोची, लेम्पीची, मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा हॅनकॉक गावातल्या दवाखान्यात डायलिसिससाठी जायचं. एक खेप चुकली तरी जिवाशी गाठ. आर्वोची झोप उडाली. ऐन वेळी हा म्हातारा ट्रॅक्टर बंद पडला तर काय करायचं, हा एकच घोर त्याला लागला. माझ्यासमोरच बोलायचा, जसा काही मला ऐकूच येत नाही.

"डिझेलच घेतो," एक दिवस त्याने ठरवून टाकलं. "ताकद जास्त, इंधन कमी. इंजिन तर आपल्या दोघांच्या मागेही चालत राहील."

"आणि थंडीत?" लेम्पीने विचारलं. "त्याला सकाळी उठवायला रात्रभर हीटर लावावा लागतो म्हणे. हा आपला चोक ओढला की उठतो. मलासुद्धा चालवता येतो."

"लावीन की हीटर!"

"लाव बाबा. इतक्या लाडाने मला कधी उठवलं नाहीस."

उन्हाळ्यातच निळा, नवाकोरा डिझेलवाला आला. खोटं कशाला बोलू, गडी दणकट होता. मी जिथे अडखळायचो, तिथून तो गुरगुरत आरपार जायचा. मला फार हेवा वाटला.

मला मात्र हिवाळा लागताच, बर्फाच्या यंत्रासकट, रस्त्याकडेला पत्रपेटीजवळ नेऊन उभं केलं. जुनी वस्तू विकायची तर इकडे ती अशीच मांडतात. माझ्या गळ्यात पाटी आली, 'विकणे आहे'. गिऱ्हाइकासमोर झटक्यात सुरू व्हावा म्हणून आर्वोने माझ्या टाकीत ताजं पेट्रोलही भरलं. रुबेन नावाचा भंगारवाला येऊन मला फिरून फिरून बघून गेला. "इंजिन तेवढं काढून घेतो, बाकीचं वितळवू. शनिवारी दुपारी येतो," म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी वारा फिरला. लेम्पी दारातूनच ओरडली, "अरे, विकायचा असला म्हणून काय झालं? त्याची बॅटरी तरी आत आण. असल्या थंडीत कुत्र्यालासुद्धा कोणी बाहेर ठेवत नाही!" आर्वो कुरकुरत आला आणि माझी बॅटरी काढून स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवायला घेऊन गेला.

रात्रभर बर्फ कोसळलं. सकाळी रस्ता साफ करणारी सरकारी गाडी गेली आणि जाता जाता, नेहमीप्रमाणे, आमच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाची भिंत रचून गेली. मीही कमरेपर्यंत त्या भिंतीत गाडला गेलो.

तो शनिवार होता, लेम्पीचा डायलिसिसचा दिवस.

रात्रभर हीटरची ऊब घेतलेला डिझेलवाला ऐटीत सुरू झाला, शेडच्या दारापर्यंत आला आणि आचके देत बंद पडला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. कडक थंडीसाठी वेगळं डिझेल मिळतं. पण आर्वोच्या पिंपात उन्हाळ्यातलं उरलेलं, आणि ते संपल्याशिवाय नवं आणायचं नाही हा त्याचा हट्ट. इंजिन गरम होतं, पण टाकीतलं डिझेल तुपासारखं थिजलं होतं.

मग आर्वोने जे केलं ते फक्त इकडचा, फिनलंडहून येऊन वसलेल्यांच्या वंशातला माणूसच करू जाणे. शनिवारची सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, त्याने पहाटेच पेटवली होती; जुन्या काळी या लोकांच्या बायका बाळंतही तिथेच व्हायच्या. डिझेलचा तुंबलेला फिल्टर काढून त्याने थेट सौनाच्या वरच्या फळीवर शेकायला ठेवला! लेम्पीचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला.

"आर्वो! माझ्या आईने मला जिथे जन्म दिला त्या फळीवर तू डिझेल सांडलंस?"

"थोडा वेळ थांब ना, फिल्टर मोकळा होईल..."

"आणि टाकीतल्या लोण्याचं काय? तेही आण वाफ घ्यायला! टॉवेल देऊ त्याला?"

थोड्या वेळाने आर्वो छातीइतक्या बर्फातून वाट काढत माझ्याकडे आला. एका हातात फावडं, कोटाच्या आत पोटाशी धरलेली माझी बॅटरी. इतक्या वर्षांत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्या दिवशी मला उकरता उकरता बोलला.

"पाय सुजलेत तिचे. धाप लागतेय. आज गेलंच पाहिजे." तो मध्येच थांबला. "हो रे सुरू. एवढा एकदा हो."

बॅटरी अजून कोमट होती. त्याने चोक ओढला, किल्ली फिरवली. मी नुसता खोकलो. मला माझीच भीती वाटली. त्याने पुन्हा किल्ली फिरवली, आणि मी धूर ओकत, थरथरत, पण सुरू झालो! आर्वोने सीटवर बसल्या बसल्या डोळे पुसले.

आधी ती भिंत. डिझेलवाल्याने ती पटकन फोडली असती. मी आपला घास घास तोडत राहिलो. मग वाट, तसूतसूने, थेट घरापर्यंत. लेम्पी गाडीत बसूनच होती, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. आर्वोने गाडी माझ्याजवळून काढली तशी तिने काच खाली केली, हात बाहेर काढला आणि माझ्या बॉनेटवर दोन बोटांनी टकटक केलं.

दुपारी, ती दवाखान्यात असतानाच, रुबेन आला. आर्वो तेव्हा शेड आवरायला घरी आला होता.

"इंजिन न्यायला आलोय," रुबेन म्हणाला.

"भंगारच हवंय ना? मग ते पिंपातलं डिझेल ने," आर्वो म्हणाला, आणि माझ्या गळ्यातली पाटी काढून त्याने सौनाच्या चुलीत घातली.

संध्याकाळी लेम्पी त्याच मोकळ्या वाटेने परत आली. तिच्या गालांवर रंग होता. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

आता शेडमध्ये आम्ही दोघंही शेजारी उभे असतो. थंडीचं डिझेल पिऊन निळा गडी रोजचं काम झपाट्याने उरकतो. फारच गारठा असला की आधी मला उठवतात. सौनाला मात्र अजून डिझेलचा वास येतो, आणि लेम्पी आर्वोला त्याच फळीवर बसवते.

तुमच्यापैकी कोणी असा ट्रॅक्टर निवडायला बसलं असेल, तर मी डिझेलवाल्याची निंदा करणार नाही. ताकद हवी तर त्याला घ्या, पण ऋतू बदलला की त्याचं इंधनही बदला. मला घ्याल तर शिळं पेट्रोल पाजू नका. आणि कधी जुन्याला बाहेर काढायची वेळ आलीच, तर खुशाल काढा, फक्त थंडीच्या रात्री त्याची बॅटरी तेवढी आत आणा.