पांढऱ्या मेंढीच्या पाठीवरचे रंग

मी मेंढी बोलतेय, आणि तीही पांढरी. आमच्या साठ जणींच्या कळपात बाकी सगळ्या काळ्याकुट्ट. त्यामुळे मी जन्मले त्या दिवशी आमच्या मालकीण बयाबाईंनी माझ्या आईलाच विचारलं, "हिला काय दुधात बुडवून काढलीस का काय गं?" आई बिचारी रवंथ करत राहिली.

आमचं गाव वडूजजवळ. माळावर चार कळप एकत्र येतात, म्हणून ज्याच्या त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर खुणेचा रंग लावतात. आमच्याकडं हे काम बयाबाईंच्या थोरल्या मुलीचं, उत्कर्षाचं. ती शाळेत चित्रकलेत पहिली. धाकटा अमृत सातवीतूनच शाळा सोडून आमच्या मागं लागलेला. तो तिला अक्का म्हणायचा आणि रंगाचा डबा धरून उभा राहायचा.

"अक्का, निळा झ्याक दिसतोय. ह्योच लावू."

"काळ्या लोकरीवर निळा? बुडून जाईल की रं येड्या. गडदावर फिकट लावायचा. पिवळा आण."

"आन् ह्या पांढरीला?"

"तिला निळा. पांढऱ्यावर पिवळा लांबनं कुणाला दिसणार?"

असा निळा टिळा कळपात मला एकटीला मिळाला. मी महिनाभर भाव खाल्ला.

गेल्या पावसाळ्यात उत्कर्षाला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली.

तिचं एक चित्र अर्धं राहिलं होतं. माळ, आम्ही सगळ्या, आणि मधोमध ती स्वतः. सगळं रंगवलेलं, फक्त चेहरा कोरा. तो शेवटी निवांत भरीन, असं ती म्हणाली होती. अमृतनं ठरवलं, तो आता मी भरणार. एकदा माझ्या कानाशी बसून तो म्हणाला, "पांढरे, अक्काचा आवाज ध्यानात हाय गं. पर रंग रोज जरा येगळाच आठवतोय. आसाच पुसून गेला तर?"

मोबाइलमधले फोटो कामाचे नव्हते. त्या सगळ्यांत तिनं हौसेनं स्वतःला गोरं करून घेतलं होतं. चित्राचा कागद तर एकच. आधी वहीच्या पानावर रंग करून बघावा, हे कुणालाही सुचलं असतं. पण अमृतचा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. त्याला समोर मी दिसले.

उत्कर्षाच्या पेटीत 'अंगाचा रंग' म्हणून तयार बाटली होती. त्यातला एक फराटा त्यानं माझ्या पाठीवर ओढला. बयाबाई म्हणाल्या, "ही कुठली रं गोरी मड्डम?" मग नुसता तपकिरी लावला. "ही तर गुळाची ढेप!" शेजारच्या कळपातल्या मेंढ्या मला बघून खिदळायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी त्यानं त्या तयार बाटलीतल्या गुलाबीत काळा मिसळला. रंग राखेसारखा झाला, थंड. अमृत त्याच्याकडं बघतच राहिला. तापाच्या त्या पाचव्या दिवशी त्यानं हाच रंग अक्काच्या चेहऱ्यावर पाहिला होता. त्यानं पाण्याचा डबा लाथेनं उडवला, काळ्याची बाटली बाभळीत भिरकावली आणि निघून गेला.

दोन दिवसांनी आला तो स्वतःशीच बोलत. "काळा घातला की रंग मरतो, आसं अक्का म्हणायची. गडद करायचा तर समोरचा रंग घालायचा." त्यानं काठीनं मातीत एक गोल काढला. त्यावर लाल, पिवळा, निळा मांडले, दोघादोघांच्या मधे नारिंगी, हिरवा, जांभळा अशी त्यांची पोरं बसवली. "नारिंगीच्या समूर कोन? निळा!" लालात पिवळा कालवून त्यानं नारिंगी केला आणि निळ्याचं नुसतं टोक बुडवलं. नारिंगीचा तोरा उतरला. रंग उन्हात तापलेल्या मातीसारखा झाला. तो त्यानं माझ्या डाव्या कुशीला लावला. बयाबाई वैरण घेऊन आल्या, थबकल्या आणि रंग ओला असतानाच त्यावर हात ठेवला.

पण कागदावर ब्रश टेकवायला अमृतचा हात होईना. चार दिवस गेले आणि लोकर कातरायला हरिबा आला. "ही मेंढी हाय का रंगपंचमी?" म्हणत त्यानं माझी उजवी बाजू साफ केलीसुद्धा. अमृत धावत आला.

"आवं हरिबा मामा, डावी ऱ्हाऊ द्या!"

"आर्धीच कातरू? लोकं म्हणतील, हरिबाला चढली हुती."

"अक्काचा रंग हाय त्यो."

हरिबानं कातर खाली ठेवली. "मग बसलाईस काय? आण कागद. येका अंगानं काकडतीय ती."

अमृतनं रंग कालवला. ब्रश माझ्या कुशीशी धरून बघितला, निळा आणखी थेंबभर घातला, पुन्हा बघितलं. मग श्वास रोखून चेहरा भरला. मीही हलले नाही. बयाबाई कागदावर वाकल्या. बराच वेळ बघून चित्रातल्या लेकीवरच एकदम चिडल्या, "उन्हात कशाला उभी ऱ्हायलीस गं बये? किती काळवंडलीस बघ!"

अमृत हसला. आणि हसता हसता माझ्या डाव्या कुशीत तोंड घालून बसला. हरिबा तेवढा वेळ उगीच कातर घासत राहिला.

आता मी पुरती भादरलेली आहे. थंडी वाजते, कळप हसतो. पण अमृत, नवी लोकर फुटायला लागलीय, आणि तीही पांढरीच. बयाबाईंचं चित्र काढावंसं वाटलं तर खुशाल ये. एवढंच मागणं आहे, रंगाचं पाणी जरा कोमट आण.