तांब्याचा खंड्या

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. आश्विन सरत आला होता. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे गवत पिकून पिवळे झाले होते, आणि सकाळचे कोवळे, केशरी ऊन साताऱ्यातल्या एका रेडिओ-कारखान्याच्या उंच खिडक्यांतून अलगद आत उतरत होते.

शरयू साबणेचे ऊन मात्र निराळे. ते खालून उगवायचे. तिच्या टेबलाला दुधी काच, काचेखाली दिवे. काचेवर पारदर्शक कागद, आणि कागदावर काळ्या चिकटपट्टीच्या नाजूक रेषा. बावीस वर्षांची शरयू त्या रेषांनी विजेच्या वाटा आखायची. इथे वळसा, तिथे चौक, पलीकडे एक आंधळी गल्ली. प्रकाशावर तरंगणारे ते कृष्णरेखांकित नगर. माणूस नसलेले, धूळ नसलेले, विजेची वाट पाहणारे नगर.

मग कॅमेरा त्या नगराला चौथाईवर आणी. आम्लात न्हाऊन ते तांब्यात उतरे. तळहाताएवढ्या पाटीवर, ताम्रवर्णी, तेजाळ.

पलीकडच्या दालनात बायका त्या पाट्यांवर सुटे भाग वितळत्या कथलाचे टाके मारून बसवत. रेझिस्टरच्या रंगीत पट्ट्यांना त्या बांगड्या म्हणत. तीन पायांच्या ट्रान्झिस्टरला तिवई. "माझ्या तिवईचा एक पाय मोडला गं!" कुणी ओरडे. "मग तुझ्या सासूला बशिव तिच्यावर!" दुसरी म्हणे, आणि धुराच्या निळ्या वेटोळ्यांतून हसू पसरत जाई.

त्या हसण्याच्या मधोमध अनसूयाबाई जगदाळे. हात सर्वांत नेमका, म्हणून नव्या पाटीची पहिली खेप नेहमी त्यांचीच. "माझा टाका बगा, जुंधळ्याच्या दाण्यागत. वाईच जास्त न्हाई, वाईच कमी न्हाई." तो दाणा हीच त्यांची मिरास, तोच त्यांचा दागिना.

त्या आश्विनात नव्या रेडिओची पाटी आखताना एक कोपरा मोकळा राहिला. नखाएवढा. रिकामा, शुभ्र, बोलावणारा. शरयूने इकडेतिकडे पाहिले, पट्टीचा तुकडा घेतला, सुरी फिरवली, आणि दोन रेषांच्या मध्ये एक खंड्या बसवला. लांब चोच, आखूड शेपूट. कुणी सांगितले नव्हते. कुणी पाहिले नाही. दिवसभर तिचे मन नदीकाठच्या फांदीसारखे झुलत राहिले.

तांब्यात उतरला तेव्हा तो तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता. चोचीपुढे एक रेषा, शेपटीमागे एक रेषा. दोन्हीकडे केसाएवढे अंतर.

आणि वितळलेले कथील तांबे दिसेल तिकडे धावते.

चाचणीच्या खोलीत पडद्यावरची हिरवी, हसरी, हेलकावणारी लहर एकाएकी आडवी झाली. एक रेडिओ मुका. दुसरा मुका. दहावा, विसावा मुका.

विभागप्रमुख केळुसकरसाहेबांनी पाटी खिडकीच्या उजेडात धरली. कथलाचा ओघळ दोन रेषा जोडून बसला होता, आणि त्याखाली खंड्या बुडाला होता. साहेबांना दिसला तो फक्त ओघळ.

"बाई, हे टाके आहेत की लापशी?"

"साहेब, माझा हात न्हाई चुकला."

"हात नाही चुकला, मग काय पाटी चुकली?"

दालन हसले. दारात शरयू उभी होती. पाटीच चुकली, हे तिला ठाऊक होते. ती आपल्या टेबलाकडे वळली.

दुपारी तिने सुरीच्या टोकाने मूळ कागदावरून खंड्या उचलला. चूक मिटली, तिला वाटले. अनसूयाबाईंना त्याच दुपारी खोकी बांधायला धाडले.

पुढची खेप दुसऱ्या हातांनी झाली. एकही रेडिओ मुका निघाला नाही. साहेब खूश झाले. "बघा! हात बदलला, रेडिओ बोलला." ज्या मैत्रिणींना तोवर शंका होती, त्यांचीही खात्री पटली. शरयूच्या सुरीने चूक मिटली नव्हती. ती अनसूयाबाईंच्या कपाळी कोरली गेली होती.

नळावर पाणी पिताना त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, नव्या पाटीवरनं पाखरू उडालं व्हय?"

तांब्यापासून वीतभर अंतरावर दिवस काढणारे ते डोळे. त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते.

"ब्येस काडलंवतंस. कुनाला बोलले न्हाई मी."

शरयूचे कान पेटले. "मी साहेबांना सांगते, अनसूयाबाई. उद्याच सांगते."

"सांग माय."

उद्या आला. त्यामागून आणखी उद्या आले. शरयू खोक्यांजवळून जाई तेव्हा अनसूयाबाई एकदाच मान वर करून बघत. रागाने नव्हे, विचारल्यासारखे. महिनाभर त्या बघत राहिल्या. मग त्यांनी बघायचे सोडले.

केळुसकरसाहेब निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला गेले. काजूच्या सावलीत बसून, हात बदलल्याची ती गोष्ट अखेरपर्यंत कौतुकाने सांगत राहिले. कारखाना बंद पडला. तिथे आता मंगलकार्यालय आहे. अनसूयाबाईंनी अठरा वर्षे खोकी बांधली, आणि एका पौषात त्या गेल्या. शरयू आरेखन विभागाची प्रमुख झाली. अचूकतेबद्दल तिचा सत्कार झाला, शाल मिळाली. ती शाल तिने कधी पांघरली नाही.

तेराव्याला ती कोरेगावकडच्या त्यांच्या वस्तीवर गेली. सुनेने पाट दिला, चहा दिला.

"तुमीच व्हय त्या शरयूबाई? आत्याबाई म्हनायच्या, ती पोरगी येईल एक दिस. काय काम व्हतं वो?"

दारात माणसे बसली होती. शरयूने कपाकडे पाहिले.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज."

परतीची वाट उसातून होती. दोन्ही अंगांना तुरे आले होते. रुपेरी, रेशमी, अगणित. ती आली, आणि वारा सुटला. आणि तुऱ्यामागून तुरा, रानामागून रान, सारा शिवार तिच्याकडून मुकाट्याने मान फिरवत गेला.