गवई सरांची शंका

अरीबा समोर बसून वाट पाहत होती आणि गवई सरांना संगणकावरचं काही उमगत नव्हतं. एक निळी रेघ, एक केशरी, दोन्ही जोडीनं वर चढत होत्या. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"छान झालंय," ते म्हणाले.

बाकीच्या मुलांना एवढं पुरलं होतं. अरीबा जागची हलली नाही. अकोटहून रोज एसटीनं अकोल्याच्या कॉलेजात येणाऱ्या या मुलीनं गावातल्या एका कापड दुकानाच्या विक्रीचा अभ्यास केला होता. मोबाइलवरच्या जाहिरातींमुळे विक्री दुप्पट झाली, असा तिचा निष्कर्ष होता. सोमवारी नांदगाव पेठ इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मुलाखत होती आणि हाच प्रकल्प तिथं मांडायचा होता.

"सर, नुसतं छान नका म्हनू. चुकलं कुठं ते सांगा. तिथं मले विचारतीन तवा मी काय सांगू?"

देवमन गवई आयुष्यभर तासिका तत्त्वावर हिशेबशास्त्र शिकवत आले होते. अभ्यासक्रम बदलला, ते तास आटले आणि हा आकडेवारीचा नवा विषय त्यांच्या गळ्यात पडला. पुस्तकातले शब्द ते वर्गात जसेच्या तसे म्हणत. कुणी हात वर केला की घाईनं पान उलटत. नवा विषय ज्यांना झेपत नाही त्यांना पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत, असं विभागप्रमुख रागिणी मॅडम बैठकीत म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांनी सरांकडे पाहणं मुद्दाम टाळलं होतं. तेच सरांना जास्त लागलं होतं.

अक्षरं जरा मोठी कर, असं सांगून सुटता आलं असतं. ते तसं म्हणणारही होते. पण ती पेन उघडून बसली होती. ते जे सांगतील ते ती लिहून घेणार होती, तिथं जाऊन तेच बोलणार होती आणि तिथं कुणीतरी तिला हसणार होतं.

ते उठले, संगणक प्रयोगशाळेचं दार लोटलं आणि आपली खुर्ची तिच्या बाजूला ओढली. वर्गात जपून बोलणाऱ्या सरांच्या तोंडून घरची बोली निघाली.

"अरीबा, मले हे येत नाही. तू पयल्यापासून समजावून सांग. समजलं नाही तिथं मी तुले थांबवीन."

ती हसेल म्हणून ते अंग चोरून बसले. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माउस हातात घेतला.

केशरी रेघ जाहिरातींची, निळी विक्रीची, ती सांगू लागली. दोन्ही इथं चढतात. हा कोणता महिना, सरांनी विचारलं. दिवाळीचा. आणि हा? ईदचा. पलीकडचा लग्नसराईचा. सर घुटमळले. प्रश्न खुळचट तर नाही ना, असं वाटून त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"मंग जाहिरात नसती देली, तरी दिवाळीत कपडे खपलेच असते ना?"

अरीबानं पडद्यावरचे तिन्ही महिने पुन्हा पाहिले. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"पूरा गलत है," ती पुटपुटली.

आता सर खरे घाबरले. पोरीची उमेदच आपण मोडली की काय!

"पूरं नाही," ते घाईनं म्हणाले. "रेघा खऱ्या हायेत. अर्थ तेवढा तपासून पाहाचा हाये."

जाहिराती सुरू व्हायच्या आधीची एखादी दिवाळी आहे का, त्यांनी विचारलं. होती. तिनं दोन्ही दिवाळ्या शेजारी मांडल्या. विक्री वाढली होती, पण दुप्पट नाही, थोडीशीच.

"हेच सांग तिथं. आन् आधी तुले काय वाटलं होतं, तेही सांग."

ती भराभर लिहू लागली. तेवढ्यात दार उघडलं. रागिणी मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या. विद्यार्थिनीच्या शेजारी, विद्यार्थ्याच्या जागेवर बसलेल्या सरांकडे त्यांनी पाहिलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. अरीबा सावरून काही सांगणार, तोच सर बोलले.

"शिकून राहिलो, मॅडम."

मॅडम दार ओढून घेऊन गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला. आवाज विरल्यावर त्यांनी खुर्ची आणखी पुढं घेतली आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही कशी काढली, ते दाखव."