साडूंना आवडलेलं घर

चष्मेवाल्याला जगात कोणाचाच हेवा वाटत नसे, एक साडू सोडून. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. त्याने एक जुनं घर घेऊन भाड्याने दिलं, मग दुसरं घेतलं, मग तिसरं. आणि तेव्हापासून चष्मेवाल्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते कोणत्याच औषधाने थांबेना. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, आणि स्वतःचे डोळे मात्र साडूच्या ताटात!

साडूची घरं घ्यायची तऱ्हाही न्यारी. रिकामं घर पसंत पडलं की तो सतरंजी घेऊन तिथे जायचा, दार लावून अख्खी दुपार नुसता पडून राहायचा. भाडेकरूला राहायचंय ना, मग आपण आधी राहून बघावं, असं त्याचं म्हणणं.

"झोपा काढून कोणी श्रीमंत होतं का?" चष्मेवाला बायकोला विचारायचा.

"ते झालेत की," बायको म्हणायची, आणि त्याचं डोकं आणखी फिरायचं.

एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना साडू म्हणाला, "स्टेशनमागे एक घर बघितलंय. तळमजला, दोन खोल्या, किंमतही बरी आहे. मालकाला घाई आहे म्हणे. उद्या दुपारी जाऊन पडतो जरा."

चष्मेवाल्याने हातातला घास ताटात ठेवला. चौथं घर!

त्याच्याकडे पैसे होते, पण ते दुकानासाठी. दुकान भाड्याचं. छप्पर नेमकं आरशावर गळायचं आणि म्हातारे मालक दरवर्षी "बघू" म्हणायचे. पण त्यांनी शब्द दिला होता, विकायचं झालं तर आधी तुम्हालाच विचारीन. नवरा-बायकोने हौसमौज मारून त्या दिवसासाठी पैसा साठवला होता.

सोमवारी सकाळी चष्मेवाला दलालाकडे गेला. घर त्याने पाच मिनिटांत बघितलं. पाण्याचं विचारलं नाही, शेजारचं विचारलं नाही, आधीचा भाडेकरू का गेला तेही नाही. साडूला आवडलं यापेक्षा मोठी खात्री कोणती? विसार देऊन तो मोकळा झाला.

"आणि दुकान?" बायकोने विचारलं.

"दुकान काय पळून जातंय?"

संध्याकाळी साडू दुकानात आला. "सोडलं बुवा ते घर," तो स्टुलावर बसत म्हणाला. "झोपायच्या खोलीच्या भिंतीमागे सगळ्या इमारतीचा पाण्याचा पंप आहे. सुरू झाला की दातसुद्धा वाजतात. सकाळी बंद असतो, म्हणून कळत नाही."

"ते घर मी घेतलंय," चष्मेवाला म्हणाला. हे वाक्य म्हणताना त्याला जन्मात झाला नव्हता एवढा आनंद झाला.

साडूने स्टूल जवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, "साडूभाऊ, विसारच दिलाय ना? बुडू दे. पण पुढे जाऊ नका."

कोल्ह्याला द्राक्षं आंबट! मी सोडलं की हा संध्याकाळच्या आत घेणार. चष्मेवाल्याने मनातल्या मनात त्याचा डाव ओळखला, आणि आठवड्याभरात उरलेली सगळी रक्कम भरून टाकली.

पहिला भाडेकरू महिना भरायच्या आत गेला. दुसऱ्याचं बाळ पंप सुरू झाला की रडायला लागे. त्याने अनामत परत घेतली आणि जाता जाता चार शब्दही ऐकवले. घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक भिंतीला कान लावूनच आत येऊ लागलं. एका दुपारी चष्मेवाला स्वतः जाऊन तिथे आडवा झाला. पंप सुरू झाला. त्याचे दात खरंच वाजले.

नेमके तेव्हाच म्हातारे मालक दुकानात आले. मुलाकडे राहायला निघाले होते, दुकान विकायचं होतं. दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी आधी त्यालाच विचारलं. चष्मेवाल्याने मान खाली घालून काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली आणि नाही म्हणाला. शेजारच्या बूटवाल्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं. म्हणजे याला दुकान सोडावं लागणार. त्या रात्री बायको त्याच्याशी बोलली नाही.

चार दिवसांनी मालक हसत हसत आले. "तुम्हाला हलायला नको. घरचंच गिऱ्हाईक मिळालं!"

बायकोने बहिणीपाशी डोळ्यांतून पाणी काढलं होतं, आणि साडूने बूटवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मोजून दुकान घेतलं होतं.

एक तारखेला साडू आला. त्याच स्टुलावर बसला. आपल्या सगळ्या भाडेकरूंना विचारतो तसंच त्याने विचारलं, "काही त्रास नाही ना?" मग एकदम ओशाळून म्हणाला, "भाड्याची घाई नाही हं, साडूभाऊ. सवडीने द्या."

बाहेर पाऊस कोसळत होता. चष्मेवाल्याने वर बघितलं. साडूने गेल्याच आठवड्यात छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं. एक थेंब पडावा, एकच, म्हणून तो बराच वेळ बघत राहिला. आरसा कोरडा ठणठणीत होता.

"काही त्रास नाही," तो म्हणाला.