ग्लोव्ह खाली गेला तेव्हा

चेंडू बॅटरसमोरच्या काल्पनिक चौकटीबाहेर केसभर निसटलेला असला, तरी मी तो इतक्या हळुवारपणे ग्लोव्हमध्ये उतरवून घेई, की पाठीशी उभ्या असलेल्या अंपायरला तो आतच आल्याचा भास होई आणि तो बॅटरविरुद्ध ‘स्ट्राइक’ पुकारी. बॅट मला कधीच वश झाली नाही. आयोवातल्या आमच्या छोट्या बेसबॉल संघात मी कॅचर म्हणून टिकलो तो या हातावर. यंदा मैदानात कॅमेरे आले. आता खेळाडूने हेल्मेटवर टकटक केली, की फलकावर चेंडूची वाट उमटते आणि चुकला असेल तर अंपायरचा निर्णय पुसला जातो.

त्या संध्याकाळी पाठीशी डेल होते. कॅचरने मागे वळून अंपायरशी बोलायचे नसते. लोकांना ते भांडण वाटते. त्यामुळे मी त्यांना ओळखत होतो तो आवाजानेच.

“ऑर्टन आज ठरवणार म्हणे,” ते पुटपुटले. “तू, का तो नवा धिप्पाड.”

“मॅनेजरला बॅट दिसते, डेल. माझं काय दिसणार?”

“हात! मला विचार ना, किती वेळा गंडवलंयस.”

पुढच्याच डावात मी असाच एक स्ट्राइक मिळवला. बॅटरने टकटक केली, फलकाने तो काढून घेतला.

“ए म्हाताऱ्या, घरी जाऊन टीव्ही बघ!” कुणीतरी डेल यांच्यावर ओरडले.

थोड्या वेळाने बॅटला चाटून आलेला चेंडू डेल यांच्या मुखवट्यावर आदळला. ते डगमगले. मी पिचरकडे चालत गेलो आणि उगाच काहीबाही बोलत उभा राहिलो. हा आमचा अलिखित रिवाज. कॅचरला लागले, तर अंपायर वाकून बॅटरपुढची जमिनीतली स्वच्छ प्लेट ब्रशने पुन्हा झाडतो. सावरायला तेवढाच वेळ मिळतो.

अखेरचा डाव. आमची एका धावेची आघाडी, त्यांच्या धावपटूंनी तिन्ही बेस भरलेले, आणि सामना एका चेंडूवर येऊन ठेपलेला. चेंडू गुडघ्याच्या रेषेवर अचूक आला. पण भीतीने माझा हात घाईला आला आणि ग्लोव्ह चेंडूसकट खाली गेला.

“बॉल!” डेल म्हणाले.

चौकटीबाहेरचा चौथा चेंडू, म्हणजे बॅटरला फुकट बेस, त्यांना आयती धाव आणि बरोबरी. चेंडू खरा होता, खोटा पडला तो माझा हात. गप्प राहिलो असतो, तर सामन्याबरोबर संघातली जागाही गेली असती. मी टकटक केली.

फलकावर स्ट्राइक उमटला. आम्ही जिंकलो. मैदान डेल यांना हसत होते.

“तुझा ग्लोव्ह खाली गेला रे, टोबी,” मागून आवाज आला. “मी तुझ्या हातावर विश्वास ठेवला.”

तेवढ्यात ऑर्टन आले. “शाब्बास! वेळेवर टकटक केलीस. बघितलंस ना, हात वाकडा पडला तरी आता काही बिघडत नाही.” ते जायला वळले. “उद्यापासून तो नवा खेळेल. मनाला लावून घेऊ नकोस.”

मला उठता येईना. यंत्रावर चिडावे, तर ते खरे बोलले होते. आणि याच गोष्टीने आतून जळत होतो. सगळे निघून गेले. मी प्लेटमागे तसाच बसून राहिलो.

मग ब्रशचा आवाज आला. डेल समोर येऊन वाकले होते. संपलेल्या सामन्याची ती स्वच्छ प्लेट ते सावकाश, कडेकडेने झाडत राहिले.